पंधरा दिवसांची हरकत

अडतिसावी स्कूटी वळली तशी चंपतरावांनी गॅलरीत बसल्या बसल्या वहीत रेघ मारली.

"रामाजीच्या घरच्या गाड्या तुमच्या छातीवरून जाऊन राहिल्या का?" मैनाबाईनं चहा ठेवत विचारलं.

"हरकत अशीच नाई देता येत. आकडा लागते."

समोरच्या रामाजीच्या घरी खालच्या दोन खोल्यांत कोचिंग क्लास आधीच भरत. आता घर पाडून तीन मजले चढवायचे, म्हणून त्यानं प्लॉट रहिवासीचा व्यापारी करून मागितला होता. पेपरात सूचना आली. हरकतीला पंधरा दिवस.

हिंदी मुलखातल्या या प्लांटात नोकरीला असताना हाच रामाजी हाताखालचा मदतनीस म्हणून चंपतरावांना पाने-हातोडे उचलून द्यायचा. नेहरू नगरात प्लॉट दोघांनी एकाच दिवशी घेतले. कोपऱ्याचा प्लॉट गेला त्याच्याकडे. मग पहिला कूलर त्याचा, पहिली कार त्याची. हे वहीत नव्हतं. लिहायची गरजच कुठं होती?

चंपतरावांनी मात्र नोंद चोख ठेवली. फक्त क्लासच्या गाड्या लिहिणं मनाला पटेना. दातांचा दवाखाना, बेकरी, ब्यूटी पार्लर; कोणती गाडी कोणत्या दारी, किती वाजता, सगळं उतरवलं.

सुनावणीत अधिकारी मॅडम वहीचं पानामागून पान उलटत राहिल्या.

"दादाजी, ये आपने खुद लिखा?"

"खुद. बत्तीस साल शिफ्ट की लॉगबुक लिखी है."

मॅडम रामाजीकडे वळल्या. "आपकी फाइल इसी पर अटकी थी. सड़क पहले से बाज़ार है, इसका सबूत नहीं था. इसमें तो तेरह में से नौ घरों का धंधा लिखा है."

रामाजी खुर्चीत पुढं सरकला. चंपतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"अंदाज़े से लिखा हो तो बता दीजिए," मॅडम म्हणाल्या. "फिर मैं इसे नहीं मानूँगी. रामाजी की अर्ज़ी खारिज."

'हो' म्हणून नुसती मान हलवायची होती. रामाजीनं नजर खाली वळवली.

"अंदाज़े से?" चंपतराव ताठ झाले. "एक गाड़ी गलत निकाल के दिखाइए."

"तो हर पन्ने पर दस्तखत कर दीजिए."

नवव्या पानावर पेन अडलं. दोनदा झटकलं, तरी चालेना. शेजारून रामाजीनं आपलं पुढं केलं.

"घ्या, चंपतभाऊ."

चंपतरावांनी त्याच्याकडे न बघताच ते घेतलं, आणि उरलेल्या पानांवर आधीपेक्षा ठळक सह्या केल्या.