शेणातलं विरजण

दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, हा दुर्गाबाईंचा सासरी आल्यापासूनचा नियम. दह्याचं एक वेळ समजू शकतो हो, पण बाईंनी तो शेणालाही लावला.

विश्रांतवाडीतल्या त्यांच्या घरापुढचं कागदी लिंबाचं झाड, गल्लीभर लोणचं पुरवणारं, मूळकुजीनं वाळत चाललं होतं. आयटीतला मुलगा आनंद दसऱ्याला नवी गाडी आणणार होता. "तोवर पालवी फुटली तर झाड, नाहीतर तिथे गाडी," असा श्रीनिवासरावांनी निकाल दिला. बाईंनी हट्टाने कृषी महाविद्यालयातून ट्रायकोडर्माची पुडी आणली. ही चांगली बुरशी. वाईट बुरशीला खाऊन टाकते. ओलसर शेणखतात मिसळून पोत्याखाली झाकली, की पंधरवड्यात सगळ्या खतात पसरते. "म्हणजे विरजणच की!" बाई खूश झाल्या.

"सासूनं दुधाला लावलं, सून शेणाला लावतेय. घराण्याची प्रगती आहे," श्रीनिवासराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

खत तयार झालं त्या संध्याकाळी शेजारच्या कमरजहांभाभी घमेलं घेऊन आल्या. त्यांचा पेरू सुकत होता. बाई म्हणाल्या, "सकाळी या. विरजण आहे, आत्ता देत नाही." भाभी रिकामं घमेलं घेऊन परत गेल्या. सकाळी बाईंनी स्वतः घमेलं भरून नेऊन दिलं आणि उरलेलं सगळं लिंबाच्या आळ्यात घातलं.

पंधरवड्याने बघतात तर आळ्यातली माती निळसर.

"अहो, हे काय?"

"मोरचूद," श्रीनिवासराव चाचरत म्हणाले. "तुझा जीव त्या झाडात अडकलेला. म्हटलं, आपणही हातभार लावावा."

"अहो, बुरशी मारायचं औषध ते! माझी बुरशी मेली की त्यात!" बाईंना रडूच आलं. उभ्या संसारात या माणसाने झाडाला तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, आणि प्रेम उतू गेलं ते असं. धड रागावताही येईना.

दोघांनी मिळून वरची माती काढून टाकली. पण दसऱ्याला जेमतेम तीन आठवडे. पंधरवडा नवं विरजण मुरण्यातच जाणार. भाभींकडे मागावं, तर कुठल्या तोंडाने?

बाई देवापुढे दिवा लावत होत्या, तेवढ्यात फाटक वाजलं. दारात भाभी, डोक्यावर भरलेलं घमेलं. "भाईसाब सांगून गेले. तुमच्या विरजणात मी ताजं शेणखत घालून वाढवलं होतं. पण दिवेलागण झालीय, दुर्गाताई. आत्ता घेता, का सकाळी येऊ?"

बाई ओशाळल्या, पण पुणेरी त्या पुणेरीच. "नियम देण्याला आहे, भाभी. घेण्याला नाही."

"माझ्याकडे देण्यालाही नाही," भाभी हसून म्हणाल्या.

दसऱ्याला लिंबावर पोपटी कोंब दिसले. गाडी आली ती रस्त्यावरच उभी राहिली. त्याच संध्याकाळी, दिवा लागल्यावर, भाभी वाटी घेऊन आल्या; त्यांचं दही नासलं होतं. बाई तडक आत गेल्या आणि वाटी काठोकाठ भरून घेऊन आल्या.

श्रीनिवासरावांनी पेपर खाली ठेवला.