एकास वीस

दिगंबरने खोडरबर उचललं आणि लीनाच्या वहीतल्या शेवटच्या ओळीवर टेकवलं, पण खोडायला हात धजेना.

शाळेतल्या बाईंनी घरातल्या कुठल्याही दोन गोष्टींचा तक्ता मांडून गुणोत्तरं काढायला सांगितली होती. बाकीच्या मुलींनी बटाटे-परवळ मोजले असतील. या अकरा वर्षांच्या पोरीने आईची पत्रं मोजली होती. श्यामला हिवाळ्यापासून साताऱ्याकडच्या क्षयाच्या इस्पितळात होती. पत्राला सुरुवात ती करायची. दमली की पुढचं तिची बहीण सरला लिहायची. लीनाने दोघींच्या हातच्या ओळी वेगवेगळ्या मोजल्या होत्या. जानेवारीत अठरा आणि सहा, म्हणजे तीनास एक. फेब्रुवारीत चौदा आणि सात, दोनास एक. मार्चमध्ये दहा-दहा. एप्रिलमध्ये पाच आणि पंधरा, एकास तीन.

त्याखाली मे : एकास वीस.

मेचं पत्र तर त्याने लपवलं होतं. सगळं सरलाच्या अक्षरातलं ते पत्र चार दिवस त्याच्या कोटाच्या खिशात होतं आणि टपालाला उशीर होतोय असं तो लीनाला सांगत होता. तो कामाला होता त्या खिदिरपूर बंदराच्या कस्टम कचेरीत त्याने रजेचा अर्ज दोनदा लिहून दोनदा फाडला होता. भेटायला गेलो तर निरोप घ्यायला गेल्यासारखं होईल, या भीतीने त्याचा पाय निघत नव्हता. आणि इकडे श्यामलाच्या उशीचा अभ्रा दर रविवारी स्वतः बदलत होता, वेडा माणूस.

लीना गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली. उघडी वही बघून दारातच थांबली.

"माझा कोट झटकलास का?" त्याने विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. म्हणजे तिलाही चार दिवस ठाऊक होतं, आणि बाबांना वाईट वाटेल म्हणून पोर गप्प होती.

"मग इथे शून्य हवं, बाळ. तिच्या हातचं काहीच नाही त्यात."

"आहे ना, बाबा. वर बघा."

तिने खुंटीवरच्या कोटातून पत्र काढून त्याच्यापुढे पसरलं. कागदाच्या माथ्यावर 'श्री' होतं. प्रत्येक पत्रावर असतं, वाचतं कोण? वेलांटी थरथरत पार कडेपर्यंत गेली होती, पण तिच्या टोकाला ती बारीक गाठ होती. लोणच्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीतसुद्धा श्यामला ती गाठ मारायची. सरलाला ती कधीच जमली नव्हती.

त्याने त्या गाठीवर बोट ठेवलं. डोळे भरून आले, ते त्याने पुसले नाहीत.

"बाईंनी पुढची ओळ अंदाजाने मांडायला सांगितलीय," लीना हळूच म्हणाली. "जूनला किती लिहू?"

"जूनची ओळ नकोच. जूनमध्ये आपण दोघं तिच्याजवळ असू."

लीनाने कपड्यांचा ढीग खाली ठेवला आणि दौत-टाक आणून दिला. अर्ज इंग्रजीत लिहायचा होता, साहेबही इंग्रजी वळणाचा. तरी दिगंबरने कागदाच्या माथ्यावर आधी 'श्री' काढलं.