बोलणारी पेटी

ध्रुव इंटरनेटवर ऑफिससाठी टेलिफोनची नवी पेटी शोधायला बसला की आमचा टेलिफोन मुका व्हायचा. ऑफिसात धड चालणारी लाइन एकच, आणि ती याच्या कॉम्प्युटरच्या तोंडी. आधी मांजरं भांडल्यासारखी किंकाळी, मग खरखर, मग शांतता. माझ्या बोर्डावरचा एकही बझर वाजायचा नाही. जयनगरच्या ऑफिसाच्या मागच्या खोलीत मी कानांवर हेडसेट चढवून नुसती बसून राहायचे. फोन विकत घ्यायचा म्हणून फोन बंद! शहाणपणाची कमालच म्हणायची.

मी जन्मापासून आंधळी. भगवंतरावांनी, म्हणजे ध्रुवच्या वडिलांनी, मोटरपंपांचा धंदा वाढल्यावर मला ऑपरेटर म्हणून ठेवलं, तेव्हा ध्रुव चड्डीत होता. बोर्डावर दिवे होते, ते माझ्या काय कामाचे? मग फोनवाल्या कल्लाप्पाने दिव्यांच्या जागी वेगवेगळ्या सुरांचे बझर बसवले आणि बटनं ओळखू यावीत म्हणून त्यांच्यावर कथलाचे थेंब टाकले. तेव्हापासून ती खुर्ची माझी. सगळे मला अक्का म्हणू लागले. आवाजावरून मला गाव कळतं. के. आर. पुरमहून कोणी बोललं की मागून आगगाडी जात असते. होसकोटेच्या गोदामातला माणूस वारा बाजूला सारत बोलतो.

त्या मुक्या दुपारी मला हमखास गुंगी यायची. माझे डोळे जागेपणीही मिटलेलेच, त्यामुळे स्वप्न कुठे सुरू झालं ते मला नेहमी उशिरा कळतं. मी तारेवरून अनवाणी चालत होसकोटेला निघालेली असायचे. तार उन्हाने कोमट. वाटेत माणसं पाय खाली सोडून बसलेली, कुणाला बायकोशी बोलायचं, कुणाला पंपाचा भाव विचारायचा. मी प्रत्येकाला म्हणायचे, स्वल्प थांबा, देते जोडून. कुणाला घाई नसायची.

"अक्का, चित्र येतंय!" ध्रुवच्या हाकेने मी खाली उतरायचे.

चित्र म्हणे वरून खाली, रेघ रेघ करत उतरायचं. आधी पेटीचं झाकण आलं, बऱ्याच वेळाने बटनं आली. "अमेरिकेची आहे. कल्लाप्पासारखं उद्या येतो, परवा येतो नाही. घरपोच! आणि हिला माणूस लागतच नाही, अक्का. स्वतः फोन उचलते, स्वतः बोलते. विक्रीसाठी एक दाबा, गोदामासाठी दोन..."

आपण कुणाला सांगतोय ते त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"आणि मी काय करू?" मी विचारलं.

"बघू की. गोदामात काहीतरी..."

गोदामात! तिथे काय पंप चाचपून बघत बसू? माझा पारा चढला. "कल्लाप्पाकडून घे. बिघडलं तर सायकल मारत येतो तो. तुझी अमेरिका येईल का सायकलवर?"

"अक्का, तुम्ही पण ना," तो हसला आणि पुन्हा आपल्या रेघांकडे गेला.

त्यानंतर ती पेटी माझ्या स्वप्नात येऊ लागली. ती समुद्रावर तरंगत आमच्याकडे निघालेली असायची आणि वाटभर एकटीच बोलत असायची. मासे तोंडाने बटनं दाबून बघायचे. तिचा आवाज फार गोड होता. मला तिचा राग यायला हवा होता, तो स्वप्नात येत नसे, जागी झाल्यावर यायचा.

एका दुपारी ध्रुव ओरडला, "शेवटचं पान, अक्का! आता फक्त कार्डाचा नंबर टाकायचा." कॉम्प्युटरची लाइन माझ्या बोर्डावरूनच जात होती. माझं बोट कथलाच्या त्या थेंबावर होतं. जरासं दाबलं की लाइन तुटली, आणि तुटली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला ती खुर्ची हवी होती, फार हवी होती. पण माझ्या बोटाने आजवर कुणाचं बोलणं तोडलं नव्हतं, शिव्या देणाऱ्यांचंसुद्धा नाही. मी हात काढून मांडीवर ठेवला आणि वाट बघत बसले.

पलीकडे नंबराच्या कळा टकटकल्या. मग ध्रुव स्वतःशीच हसायला लागला. "कार्ड घेत नाही. अक्का, यावर छापलंय बघा, फक्त भारत आणि नेपाळ."

"मग नेपाळहून मागव," मी म्हटलं.

पेटी घेऊन ये म्हणून कल्लाप्पाला निरोप गेला. मी इतकी खूश झाले की त्याच्यासाठी मैसूरपाक आणून ठेवला. देवच पावला असं वाटलं. आता जुनीच बटनं नव्या पेटीवर येतील, नवे थेंब पडतील, आणि मी माझ्या तारेवरून चालत राहीन. कल्लाप्पा आला, त्याने खोका फोडला, खोलीभर नव्या प्लॅस्टिकचा वास पसरला.

"अक्का, बघा की, कसला भारी माल आणलाय," तो म्हणाला. तो बेळगावकडचा, माझ्याशी मराठीतच बोलायचा. "ही स्वतः बोलतेय."

मैसूरपाकाची बशी मी त्याच्या हातात देऊन बसले होते. "तुझीसुद्धा?"

"आता सगळ्याच बोलतात की, अक्का. अमेरिकेची काय, आमची काय. पण मी ध्रुव अण्णांना म्हटलं, आवाज अक्कांचाच घालायचा. दुसऱ्या कुणाचा शोभायचा नाही."

त्याला वाटलं, तो माझा मान करतोय. मला हंबरडा फोडावासा वाटला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. इतके दिवस मी परदेशच्या पेटीला घाबरत होते आणि माझी खुर्ची काढून घ्यायला आला तो माझाच माणूस, माझाच मैसूरपाक खात.

पण आवाज दिला. काय करणार? ध्रुव एकेक वाक्य वाचायचा, मी ते इंग्रजीत आणि कन्नडमध्ये म्हणायचे. विक्रीसाठी एक. गोदामासाठी दोन. हिशेबासाठी तीन. बोलता बोलता खोली लांब जायला लागली, पायांखाली कोमट तार आली, आणि तारेवर बसलेली सगळी माणसं माझ्याकडे तोंड करून ऐकू लागली. पंपाचा भाव विचारणारा गोंधळला होता. हातातला फोन चाचपत तो म्हणाला, आता कुठलं दाबू?

"झालं," ध्रुव म्हणाला.

पण पेटी अजून ऐकत होती आणि मी थांबले नाही. "आणि माणसाशी बोलायचं असेल," मी म्हणाले, "तर काहीच दाबू नका. स्वल्प थांबा. मी आहे इथे."

कल्लाप्पाने हळूच विचारलं, "पुसू काय, अण्णा? तशी थांबणाऱ्याला अक्कांकडे पाठवायची सोय आहे हिच्यात."

ध्रुव खुर्ची सरकवून उठला. मला वाटलं, संपलं. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"अक्का, हे तुम्ही मराठीत बोललात," तो म्हणाला. "आमच्या गिऱ्हाइकांना काय कळणार? कन्नडमध्ये सांगा. आणि नुसतं मी काय? मी कोण? नाव सांगा."

इतक्या वर्षांत फोनवर माझं नाव कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. कल्लाप्पाने पुन्हा बटन दाबलं. मी तेच सगळं कन्नडमध्ये म्हटलं, आणि ते त्या पेटीत गेलं. "नीरजा," मी म्हणाले, "माझं नाव नीरजा."