मागच्या काचेवरची ओळ

शहरात वकील काही कमी नव्हते. पण जी पाटी वाचावी तिच्यामागे आपल्याच गाडीत हात बसलेला माणूस निघायचा, हे गाडी शिकवणाऱ्या ब्रेकमास्तरांचं दुखणं होतं. हा क्लच सोडताना गाडीला बेडकासारख्या उड्या मारायला लावायचा, तो वळताना डोळेच मिटायचा. त्यांच्यासमोर बसून 'मी पिऊन गाडी चालवली' हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यातून ती काचेवरची ओळ. मास्तर शिकवायचे ते गाण्यातून. ओळ ओठावर आल्याशिवाय हात वळत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'आधी आरसा, मग पट्टा, मग किल्ली. घाई करील त्याची उडेल खिल्ली.' आणि शिकवणीच्या गाडीच्या मागच्या काचेवर, पिवळ्या रंगात, त्यांच्याच वळणदार अक्षरात: 'पोटात घोट, चावीला नको बोट.'

त्या ओळीसकट सापडले होते ते. जुन्या सोबत्याच्या निवृत्तीचं जेवण होतं, भर दुपारचं. एक पेला आग्रहाचा, एक आठवणींचा, पुढचा कशाचा ते आठवत नव्हतं. निघताना बायको म्हणाली होती, "अहो, चाक मी घेते."

"तू चालव, म्हणजे मी पुढच्या जन्मी घरी पोचेन," मास्तर म्हणाले. चारचौघं हसले. तीही हसली, हसावं लागतं म्हणून, आणि शेजारी शिकवणाऱ्याच्या जागेवर बसली. तिथं पायाशी जादाचा ब्रेक असतो.

वळणावर सायकलवाला आडवा आला. मास्तरांना तो दिसला, पण पाय पोचला नाही. तिचा पोचला. सायकल वीतभर अंतरावर राहिली. दोघं उतरून रस्त्यात उभी होती, तोवर हवालदार आला; तोही मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं काचेवरची ओळ वाचली, मास्तरांच्या तोंडाचा वास घेतला आणि मान खाली घालून नळी पुढे केली. "फुंका, मास्तर." जसं काही त्याचंच चुकलं होतं.

म्हणून आज दोघं आली होती ती बाहेरून नव्यानं आलेल्या वकिलाकडे. हा मास्तरांकडे शिकलेला नव्हता. त्याच्या खोलीत पंखा करकरत होता आणि खुर्चीचं एक हँडल दोरीनं बांधलेलं होतं. मास्तरांनी सगळं भिंतीकडे बघत सांगितलं.

"हवालदारानं तुम्हाला चाकावर पाहिलं?"

"नाही. आम्ही उतरलो होतो."

"सायकलवाला?"

"तो आमचा उद्धार करून निघून गेला."

वकिलाचा चेहरा खुलला. "शिकवणीची गाडी, ब्रेक दोन्हीकडे, माणसं बाहेर. वहिनी, लायसन्स आहे तुमच्याकडे?"

"आहे की. ह्यांनीच शिकवलं. कपाटात आहे, घड्या घातलेल्या कपड्यांखाली."

"मग झालं! चाकावर वहिनी, साहेब शेजारी. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सांगेन मी तसं," ती म्हणाली. "ह्यांचं लायसन्स गेलं तर शिकवणीच बसेल."

मास्तरांना हलकं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घ्यावा तसं. मग तो भारा कुणाच्या डोक्यावर चढला ते त्यांना दिसलं, आणि त्यांचे कान तापले. अख्ख्या शहराला चाक दिलं, हिला शिकवूनही कधी दिलं नाही. आता द्यायला निघालो ते हे! प्यालो तेव्हाची लाज धुऊन निघाली असती एखादे वेळी. ह्या हलकेपणाची लाज कशानं धुवायची?

"ऊठ," ते म्हणाले.

"अहो, पण..."

"ऊठ म्हणतो ना."

"विचार करा, साहेब," वकील मागून म्हणाला. "नुसत्या लाजेनं लायसन्स वाचत नाही!"

जिन्यात तिनं विचारलं, "आता कुठं?"

"मुळुमुळूकडे."

मुळुमुळू म्हणजे पलीकडच्या गल्लीतली वकीलबाई. चढावर गाडी मागं सरकली की ती मुळुमुळू रडायची, म्हणून मास्तरांनी ठेवलेलं नाव. आता तिच्या नावाला कोर्टात वजन होतं. म्हणूनच तिचं दार मास्तर इतके दिवस टाळत होते.

"अगंबाई, मास्तर! काकू! बसा ना."

मास्तर बसले नाहीत. बसलो तर गोष्ट पोटातच राहील, असं वाटलं त्यांना. "मी पिऊन चालवली," ते म्हणाले. "ही नव्हती चाकावर. मी होतो. ब्रेक हिनं मारला, म्हणून एक जण जिवंत आहे."

वकीलबाईनं पाण्याचा पेला पुढं सरकवला. मग म्हणाली, "चढावर मी रडले की तुम्ही काय म्हणायचात?"

"कोण जाणे. ओरडत असेन."

"ओरडायचातच. 'गाडी मागं सरकतेय ना? मग सरकतेय म्हण आणि ब्रेक दाब! नाही सरकत, नाही सरकत करत बसलीस तर खड्ड्यात जाशील.'" ती थांबली. "आपण कबूल करू, मास्तर. पहिलीच वेळ आहे, कुणाला लागलं नाही. शिक्षा सौम्य व्हावी म्हणून मी जीव तोडून बोलेन. पण लायसन्स काही काळ जाणार. ते माझ्याच्यानं वाचणार नाही."

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. मग बायकोकडे वळून पुन्हा म्हणाले, "जाऊ दे."

चौकीच्या आवारात त्या दिवशी अडकवून ठेवलेली गाडी धुळीनं माखून उभी होती. काचेवरची ओळ तेवढी धुळीतूनही लख्ख वाचता येत होती. हवालदारानं चावी आणली. मास्तरांचा हात सवयीनं पुढं झाला. "काकूंकडे देतो, मास्तर," तो हळूच म्हणाला. मास्तरांनी हात मागं घेऊन खिशात घातला.

शेजारच्या जागेचं दार ते उघडणार, तोच ती म्हणाली, "तिथं नको. ब्रेक आहे तिथं. मागं बसा."

ते मागं बसले. मागं वळून पाहिलं तर ओळ आतून उलटी दिसत होती. स्वतःचंच अक्षर, पण एकेक करून लावावं लागलं. पुढं ती पुटपुटत होती, "आधी आरसा..." आरसा फिरला, तिचे डोळे त्यात आले. मास्तरांनी मान खाली घातली.

गाडीनं बेडकासारखी उडी मारली. मास्तरांचा पाय आपसूक दाबला गेला. खाली नुसतं पायपुसणं होतं.