कोटावरची कच्ची टीप

तो माणूस सोमवारी सकाळी माझ्या दारात आला तेव्हा कोट त्याच्या हातात होता आणि अंगावर नुसता सदरा. नोव्हेंबर महिना, वारा असा की कापणी झालेल्या मक्याची पाती उडून माझ्या ओसरीवर येऊन पडत होती. हातात एवढा उबदार कोट असताना हा कुडकुडतोय का, हे मला तिथेच खटकलं.

"अर्लिस नोवोत्नी तुम्हीच ना? कपड्यांवर नावं भरून देता असं बियाण्यांच्या दुकानात कळलं."

"देते. आत या."

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर मी भरतकामाचं मशीन घेतलं. बाळांची दुपटी, लग्नाचे टॉवेल, बेसबॉलच्या टोप्या, असलं काम घरबसल्या चालतं. आमचं नेब्रास्कातलं गाव चारशे वस्तीचं. त्यातल्या निम्म्यांना तरी मी शाळेत जेवायला वाढलंय. हा चेहरा त्यातला नव्हता. धान्याच्या कोठारापलीकडचं घर महिन्यापूर्वी कुणीतरी भाड्यानं घेतल्याचं ऐकलं होतं, तोच हा.

त्यानं कोट टेबलावर पसरला. जाड कॅनव्हासचा, आत रजईसारखं अस्तर. विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन घालतात तसला.

"छातीवर नाव घालायचं, मायलो. आणि खाली पिवळी वीज."

"कंपनीची खूण मी घालत नाही. परवानगीचं पत्र लागतं."

"कंपनीची नको हो. नुसती वीज. अशी." त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत नुसती एक छाती आणि खिसा, एवढं मोठं केलेलं. पूर्ण फोटो बघावा म्हणून मी बोट लावलं तर त्यानं मोबाइल झटकन मागे घेतला.

"मायलो तुमचं नाव का?"

"माझं वेस." मग जरा थांबून, "पण नाव मायलोच घाला."

गेल्याच महिन्यात शेजारच्या गावात एका म्हाताऱ्या जोडप्याकडे मीटर तपासायला म्हणून एकजण आला होता. अंगात वीज कंपनीचा कोट. तो गेल्यावर कळलं, आजोबांची जुनी घड्याळंही त्याच्याबरोबर गेली. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात जुळलं.

"गुरुवारी या," मी म्हटलं.

"थांबतो ना मी. आत्ताच हवाय."

थांबला. खुर्चीत बसेना, माझ्या खांद्यामागे उभा राहिला. एवढा जाड कोट मशीनच्या कापड ताणायच्या चौकटीत आवळता येत नाही. म्हणून मी चौकटीत नुसतं खाली लावायचं कडक कापड ताणून बसवलं, वर कोट ठेवला आणि पडद्यावरचं तुटक रेघांच्या चौकोनाचं बटण दाबलं. ते दाबलं की मशीन नावाला हात लावायच्या आधी त्याच्याभोवती लांब लांब टाक्यांची कच्ची टीप घालतं. कोट खालच्या कापडाला धरून राहतो, हलत नाही. काम झालं की ती उसवून टाकायची.

पांढऱ्या दोऱ्याचा चौकोन उमटू लागला तसा तो पुढे वाकला. "हे काय? मी चौकोन सांगितला नव्हता."

"कच्ची टीप आहे. निघते नंतर."

"खूण नाही ना राहणार?"

खुणेची याला एवढी काळजी का? मी चष्मा नाकावर खाली घेऊन पाहिलं. माझ्या चौकोनाच्या आतच, कापडात बारीक भोकांची आणखी एक रांग होती. कुणाची तरी पट्टी उसवून काढलेली. दुसऱ्याच्या नावाचा कोट!

"सरकलं बघा," मी खोटंच म्हटलं. "तिरकं बसलंय. घाईत केलं तर कोट वाया जाईल. गुरुवारी या."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की खोटं पकडलं गेल्याचं मला कळलं. पण कोट तिथेच सोडून तो गेला. सदऱ्यावरच.

मी पहिला फोन लॅव्हॉनला केला. लॅव्हॉन माझी मैत्रीण, पन्नास वर्षांपासूनची.

"अगं, मग कोट त्याच्याच मापाचा होता का?" तिनं विचारलं.

"बाह्या आखूड झाल्या असत्या त्याला."

"झालं तर! चोरीचाच. बाई गं, तू एकटी होतीस त्याच्यासोबत?"

लॅव्हॉनला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं, हे मला काय माहीत नव्हतं? दुपारपर्यंत चर्चमधल्या बायका दारांना दोन-दोन कुलपं लावून बसल्या.

मंगळवारी मी गाडी काढली आणि वेसच्या घरावरून हळूच गेले. लॅव्हॉनला कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, द्यायला जातेय, असं स्वतःलाच सांगितलं. तिचं घर उलट्या बाजूला आहे. पुढच्या दाराला बाहेरून नवी कोरी कडी होती. बाहेरून! आणि खिडकीत एक म्हातारा चेहरा. त्यानं मला पाहून काचेवर तळहात टेकला.

चोर तर चोर, वर यानं माणूस कोंडून ठेवलाय.

कोरीन आमच्या भागाची डेप्युटी शेरीफ. शाळेत असताना वाटाणे ताटाखाली लपवायची. मी तिला सगळं सांगितलं.

"मावशी, तुम्ही बघितलं काय आणि समजलात काय, ते वेगवेगळं सांगा," ती म्हणाली.

"कडी बघितली. माणूस बघितला. आणखी काय बघायला हवं?"

"बरं, उद्या जाऊन येते."

बुधवारी ती गेली. पुढचं मला तिनंच सांगितलं. वेसनं दार उघडलं, ती आत शिरली, आणि गणवेशातली अनोळखी बाई पाहून आतला म्हातारा बिथरला. दोघं बोलतात तोवर मागच्या दारानं पसार. पायात सपाता, अंगात बनियन. ते दार वेस कधी मोकळं सोडत नसे. त्या दिवशी तो कचरा टाकायला गेला आणि समोर पोलिसांची गाडी थांबलेली पाहून ते उघडंच टाकून धावत आला होता.

सगळं गाव शोधायला निघालं. मीही. दोन तास रिकाम्या शेतांतून हाका मारत हिंडलो. विजेच्या उपकेंद्राच्या कुंपणाशी तो सापडला, तारेची जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा. "लाइन पडलीये," म्हणत होता. "लोक अंधारात आहेत. गाडी कुठाय माझी?" बोटं निळी पडलेली. वेसनं त्याला मिठीत घेतलं आणि एक-एक बोट जाळीतून सोडवलं.

तो वेसचा बाप, मायलो. एकतीस वर्षं तारांवर काम केलेला. आता काल जेवलो का हेही आठवत नाही. घराबाहेर पडला की भरकटतो, म्हणून कडी. घालायला दिलेला प्रत्येक कोट "हा माझा नाही" म्हणून फेकून देतो, म्हणून मुलानं जुन्या बाजारातून हा शोधून आणला होता.

त्या दिवशी लॅव्हॉनही शोधायला होती. परत येताना ती म्हणाली, "पण सांगायचं ना त्यानं आधीच!"

"कुणाला? आपल्याला?" मी म्हटलं.

गुरुवारी वेस वेळेवर आला. दारातच उभा राहिला.

"झालं असेल तर द्या. नसेल तर तसाच द्या."

"नाही झालं. तिरकं बसलं नव्हतं. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे."

"आत्ता करते. बारा मिनिटांचं काम."

या वेळी तो खुर्चीत बसला. मी पिवळा दोरा ओवला. मशीन चालू असताना त्यानं आपणहून मोबाइल काढून पूर्ण फोटो दाखवला. मायलो तरणाबांड, छातीवर तीच वीज, शेजारी एक बाई मान मागे टाकून हसतेय. "आई," तो म्हणाला. "कुणी अख्खा फोटो बघितला की विचारतात, ती कुठे असते म्हणून. मला सांगवत नाही."

नाव झालं, वीज झाली. मी कच्ची टीप उसवून दोरे काढले. "मी येऊ का बरोबर? माफी मागायचीय त्यांची."

"त्यांना काही आठवत नाहीये."

"मला आठवतंय ना."

घरी मायलो खुर्चीत बसला होता, हातांना पट्ट्या. मला पाहताच डोळे बारीक केले. "ही कोण? ओळखपत्र विचारलंस का, वेस?"

"अर्लिस आहे, बाबा. तुमचा कोट आणलाय."

त्यानं कोट हातात घेतला, नाव वाचलं, आणि बोट नावाभोवती फिरवत गेला. चौकोनी. माझ्या सुईची भोकं त्याला लागली.

"इथं काहीतरी उसवलंय. कुणाचा कोट आहे हा? खरं सांग, बाई."

वेसनं डोळे मिटले. थाप मारली असती तर पचली असती कदाचित. पण चार दिवसांच्या थापा आणि तर्कांनी मी थकले होते.

"कोट जुन्या बाजारातला आहे," मी म्हटलं. "आतली भोकं आधीच्या माणसाची, बाहेरची माझी. सुई चालताना कापड हलू नये म्हणून बांधून ठेवावं लागतं. मग सोडवायचं."

"काम होईपर्यंत बांधायचं."

"हो."

"आम्हीपण बांधायचो, खांबाला. पट्ट्यानं." तो विचारात पडला. "मग ही भोकं अशीच ठेवलीस? अर्धवट काम."

मी नखानं कापड घासून दाखवलं. धागे सरकतात, भोकं मिटतात. पट्टी बांधलेल्या बोटानं त्यालाही घासायचं होतं. एक बाजू मी केली, बाकीच्या तीन त्यानं, माझ्यावर नजर ठेवून, जणू मी खिशातलं काही लांबवेन. अर्धा तास गेला. मग त्यानं एका बाहीत हात घातला आणि दुसरीसाठी वेसकडे पाठ केली.

त्या हिवाळ्यात मायलोनं तो कोट अंगावरून काढला नाही, झोपतानाही. मी दर गुरुवारी जायचे. दर वेळी तो वेसला विचारायचा, ही कोण, ओळखपत्र बघितलंस का. वेस फारसं बोलत नसे. चहा द्यायचा, पण मी बसलेली असताना स्वतः खोलीतून हलायचा नाही. मार्चमध्ये एकदा तो म्हणाला, "मला दुकानात जाऊन यायचंय. वीस मिनिटं थांबाल का यांच्यापाशी?"

"थांबते," मी म्हटलं.