ट्रेसिंगचं झबलं

एकनाथचं काय काय कमलाकांतला खुपत होतं ते सांगत बसलं तर भरती येऊन ओसरेल. त्यापेक्षा काय खुपत नव्हतं ते विचारा. त्याचं जेवण तेवढं खुपत नव्हतं, कारण तो कमी जेवायचा. पण त्यावरूनही आई, काशीबाई, त्याला ऐकवायची, "बघ, पोर कसं बेतानं जेवतं." मग तेही खुपायला लागलं.

दोघं पालघरच्या टेक्निकल कॉलेजात, मशीन ड्रॉइंगच्या शेवटच्या वर्षाला. एकनाथ एडवणचा, वाडीवाल्याचा मुलगा. रोजचं येणंजाणं लांब पडतं म्हणून परीक्षेपर्यंत तो मुरब्याला कमलाकांतच्या घरी राहायला आला होता. आणि त्याला आणलं कोणी, तर कमलाकांतनंच. स्वतःच्या हातानं घरात दुखणं आणून ठेवलं म्हणायचं, दुसरं काय.

तारापूरला अणुवीजघराचं काम सुरू झालं होतं. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात आपल्या वर्गातला एक मुलगा घेणार, असं शांताराम सरांनी सांगितलं. एकच. ज्याचं शेवटचं काम सरस, त्याचं नाव जाणार. काम काय, तर होडी वाळूवर ओढून घ्यायच्या हातविंचचं, म्हणजे दोर गुंडाळत नेणाऱ्या दातेरी रहाटाचं, डिझाइन करायचं. आधी कागदावर पेन्सिलनं, मग ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं.

कमलाकांत मनातून हसलाच. पिढ्यान्‌पिढ्या होड्या ओढलेल्या घरातला तो. वांगी-मिरच्या लावणारा एकनाथ काय विंच काढणार, डोंबल!

पण एकनाथ रोज संध्याकाळी कमलाकांतच्या बापाशेजारी वाळूवर बसायला लागला. "काका, भरलेली होडी किती माणसांना हलते? दोर कुठं काचतो? चाक मध्येच सुटलं तर?" बाप, नवशा तांडेल, घरात दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस, तो हात हलवून हलवून सांगायचा. कमलाकांत ओट्यावरून बघायचा. आपल्याच बापाला काय विचारायचं, म्हणून तो खाली उतरायचा नाही.

ड्रॉइंग झाल्यावर दोन्ही कागद बापासमोर आले. नवशानं मुलाचा कागद बघितला, मान हलवली. एकनाथचा बघितला आणि बोट ठेवून म्हणाला, "ह्यो दात हाय ना, ह्यानं दोर मागं नाय जायचा. ह्या पोराला आमचा भार कळला हाय." झालं. कमलाकांतच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री तो बापाशी बोलला नाही. बापाला ते कळलंही नाही.

आता ट्रेसिंगच्या कापडाचं सांगायला हवं. कापड बारीक सुताचं, वर खळीचा लेप, म्हणून काचेसारखं गुळगुळीत. बिघडलेलं कापड कोणी टाकत नसे. गरम पाण्यात भिजवून चोळलं की खळ जाते आणि मलमल हाती येते. शकू, कमलाकांतची बहीण, पहिलटकरीण, बाळंतपणाला आली होती. नव्या जिवाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, हा घरचा रिवाज. तेव्हा काशीबाई मुलांची बिघडलेली ट्रेसिंग गोळा करून ठेवत होती.

काम द्यायच्या आदल्या दिवशी एकनाथ सकाळीच पिशवी घेऊन एडवणला गेला. त्याचं पुरं झालेलं ट्रेसिंग गुंडाळी करून कोपऱ्यात उभं होतं. कमलाकांतनं ते उघडून बघितलं. बघायला नको होतं. रेघ अशी की कुठं सुरू झाली अन् कुठं संपली, कळू नये. त्यानं ते परत गुंडाळलं, पण कोपऱ्यात ठेवलं नाही. आईच्या बिघडलेल्या कापडांशेजारी ठेवलं.

काशीबाईनं पाणी तापवलं. एकेक कापड टोपात टाकता टाकता तिनं ती गुंडाळी उचलली. "ह्यो बी धुवायचा काय रे? चांगला दिसतो."

नाही म्हणायला केवढासा वेळ लागतो. कमलाकांत म्हणाला, "धू. बिघडलाय."

दुपारी एकनाथ परतला, तोवर कापडं वाळून शकूच्या पेटीत गेली होती. तो सगळं घर धुंडाळायला लागला. कमलाकांत म्हणाला, "तूच नेलास ना पिशवीतून? तरीत राहिला असेल." पोरगं तसंच खाडीवर धावलं. तरीवाल्याला विचारलं, होडीच्या तळाशी बघितलं. शाईचं काम चार दिवसांचं, एका रात्रीत कुठून होणार? दुसऱ्या दिवशी त्यानं पेन्सिलचाच कागद दिला. शांताराम सर हळहळले, पण नियम तो नियम. तारापूरला नाव गेलं कमलाकांतचं. एकनाथनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नोकरी घरातच राहिली, बरं झालं." म्हणजे आता ह्याचं मोठं मनही खुपायचं!

शकूला मुलगी झाली. बारशाला शांताराम सर आले, एकनाथही एडवणहून वेलची केळी घेऊन आला. काशीबाईनं कौतुकानं बाळ त्याच्या हातात दिलं. बाळाच्या अंगात नवं शिवलेलं झबलं होतं.

कमलाकांत सरबताचे पेले घेऊन येत होता, तो जागीच थांबला. त्याची स्वतःची शाई कॉलेजची, पहिल्या पाण्यातच निघून गेलेली. एकनाथनं मुंबईहून मामाकडून पाण्यानं न जाणाऱ्या शाईची भारी बाटली आणवली होती, हे तो साफ विसरला होता. बाळाच्या छातीवर फिकट राखाडी चाक उमटलं होतं, दात न् दात मोजून घ्यावा असं. खाली कोपऱ्यात, शिवणीजवळ, एकनाथचं अर्धं नाव.

एकनाथ बघत राहिला. मग त्यानं काशीबाईला हळूच विचारलं, "काकी, हे कापड?"

"कमळ्यानं दिला. बिघडला होता म्हणं."

एकनाथनं मान वर करून कमलाकांतकडे बघितलं. तेवढ्यात सर खुर्चीवरून म्हणाले, "आण रे इकडे, बघू तरी तुमची भाची."

एकनाथचा एक शब्द पुरे होता. शब्दसुद्धा नको, पोर नुसती सरांच्या मांडीवर ठेवली असती तरी भागलं असतं.

एकनाथनं खांद्यावरचा पंचा काढला, बाळाला गळ्यापर्यंत गुंडाळलं आणि म्हणाला, "झोपलीय, सर. वारं गार आहे, आत देतो." पोर टक्क जागी होती. त्यानं ती कमलाकांतच्या शेजारून नेली, शकूजवळ दिली, आणि चपला घालून निघून गेला. पंचाही मागितला नाही.

"मुलगा गुणी हो," सर म्हणाले.

"हो, सर," कमलाकांत म्हणाला. सोमवारी त्याला तारापूरला रुजू व्हायचं होतं. नोकरी त्यानं एकनाथची चोरली होती. आजपासून ती एकनाथनंच दिलेली झाली, आणि हेच त्याला सगळ्यात जास्त खुपलं.