तळमजल्यावरची एक खोली

भिंत म्हणजे रेघ नव्हे.

जिन्याखाली फरशी पुसायच्या बादल्या, बादल्यांशेजारी आईचा डबा.

दार भिंतीच्या पोटात राहतं. भिंत गेली की दार जातं.

"सरका हो बाजूला, स्ट्रेचर जाऊ द्या."

खोली कशाच्याच पोटात नसते. भिंतींनी धरून ठेवली, तर ती आहे.

यातली भिंतीदारांची वाक्यं शिकवणीतली. ऑफिसने नवं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा पन्नाशीच्या ड्राफ्ट्समनबाई ती मुकाट्याने शिकल्या. आधी नकाशा म्हणजे कागदावर नुसत्या रेघा. इथे अख्खी इमारत संगणकात उभी राहते, भिंतीला जाडी, दाराला माप, खोलीला नाव. जिन्याखालचं मात्र कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी शाळा सुटली की बाई इस्पितळात जायच्या. आई तिथे सफाईला होती, जिन्याखालीच जेवायची.

आता एका नव्या इस्पितळाचं मॉडेल बाईंकडे होतं. तळमजल्यावर सफाईच्या बायकांसाठी त्यांनी खोली बसवली होती. खिडकी, बाक, बेसिन.

सोमवारी मॉडेल उघडलं, तर तिथे कॉफीचं दुकान. साहेबांनी भिंतींसकट खोली उडवली होती. पण नकाशातून खोली पुसली तरी हे सॉफ्टवेअर खोल्यांच्या तक्त्यात तिचं नाव धरून ठेवतं. ओळ तशीच होती: सफाई कर्मचारी विश्रांती. पुढे लिहिलेलं, जागा दिलेली नाही.

"बाई, ती ओळ तेवढी काढा," साहेब मागून म्हणाले. "उद्या इस्पितळाचे लोक येतायत."

"खोली त्यांनीच मागितली होती, साहेब."

"मागतात हो. कागदावर बरं दिसतं. त्या बायका बसतात कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे? दाखवा ना मॉडेलमध्ये. कुंडीलासुद्धा जागा दिलीय तुम्ही."

"उगाच मनाला लावून घेताय."

"मनाला नाही, डोक्यात गेलंय माझ्या. कॉफी पिणाऱ्याला खुर्ची, आणि त्याची सांडलेली कॉफी पुसणारीने उभ्याने घास गिळायचा. मी नाही काढणार. तुम्हीच काढा."

साहेब हसले, वाकले आणि बाईंच्याच माउसवर हात ठेवला. ओळ गेली. खालच्या ओळी वर सरकल्या. तक्त्यात फटसुद्धा उरली नाही.

ते गेल्यावर बाईंनी रुमालाने माउस पुसला. सॉफ्टवेअरमधल्या माणसांच्या तयार आकृत्यांमधून बसलेली एक बाई निवडली आणि मुख्य दारातून शिरताच दिसेल अशी, जिन्याखाली ठेवली. मॉडेल सगळ्यांसाठी जतन केलं.

निवृत्त होताना आईला इस्पितळाने जेवणाचा डबा भेट दिला होता.